गावाचा वळू

राय या धान्याच्या ताज्या पावाचा वास आला की मला तो माळ आठवतो. साठच्या दशकात मी परदेशात, झिंडेलफिंगेन या शहरात शिकाऊ इंजिनिअर होतो आणि एका रविवारी घरमालकीणबाई मला वरच्या पठारावर आपल्या बहिणीकडे घेऊन गेल्या. जमीन सगळी चुनखडीची, कितीही पाऊस पडला तरी पाणी टिकत नसे, म्हणून शेती थोडी आणि गुरंच जास्त. अख्ख्या गावाचा वळू या बहिणीकडे असे. आमच्या गावातला वळू देवाला सोडलेला. कुणाच्याही दारात उभा राही, हातातली भाकरी खाई. त्याच भरवशावर मी मोठ्या ऐटीत पावाचा तुकडा घेऊन कुंपणाची फळी सरकवली आणि आत शिरलो. वळूनं मान खाली घातली, खुरानं माती उकरली. मागून बहिणीचा आवाज आला, अगदी हळू. "पळू नका. पाठ फिरवू नका. तसेच मागे या." मी मागे सरकत होतो आणि तो तेवढाच पुढे येत होता. शेवटी त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं, फळी लावली आणि त्याच क्षणी शिंगं तिच्यावर आदळली. "आमच्याकडे त्याला हातानं भरवतात हो," मी कसंबसं म्हणालो. "माझे यजमानही भरवायचे," त्या म्हणाल्या, "एकदाच पाठ फिरवली त्यांनी." आजही बेकरीच्या रांगेत मी भिंतीला पाठ लावूनच उभा राहतो.