तांदळाएवढी उतरती ओळ

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि हरिश्चंद्र मांडवकर तिसऱ्या घरी पाणी मागत होते.

शांती नगरातल्या त्यांच्या चार मजली इमारतीत त्यांना सगळे ओळखतात, त्यामुळे दार लगेच उघडलं. पहिल्या मजल्यावरच्या सुगंधा पेडणेकरांनी फ्रिजमधली बाटली काढली.

"ग्लास नको. तो वरचा तांब्या काढ ना."

"काका, तो तांब्या पूजेला काढते मी."

"मग रिकामाच दे."

सुगंधाताईंनी तांब्या दिला. मांडवकरांनी तो ओट्यावर ठेवला, त्यावरचं नाव स्वतःकडे वळवलं आणि उलट्या पावलांनी तीन पावलं मागे गेले. डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा होता. तो कपाळावर चढवून त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि उजव्यानं पाहिलं. मग उजवा झाकून डाव्यानं पाहिलं. डाव्या डोळ्याला तांब्या चहा सांडल्यासारखा पिवळट दिसत होता, उजव्याला पांढरा लखलखीत. तांब्यावर 'सौ. सुगंधा पेडणेकर, हळदीकुंकू' असं कोरलेलं होतं आणि खाली जानेवारी २०२३ ची तारीख होती.

"काय बघताय एवढं? तुम्हीच तर घातलंय नाव."

"म्हणूनच बघतोय," मांडवकर म्हणाले, आणि पाणी न पिताच जिना उतरले.

मांडवकर सदुसष्ट वर्षांचे आहेत. मूळचे गुहागर तालुक्यातले. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात भांड्यांचं एक दुकान आहे, त्या दुकानाच्या पायरीलगत ठेवलेल्या लाकडी स्टुलावर ते १९९४ पासून बसतात. भांडं विकत घेतलं की त्यावर नाव घालून मिळतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पेनासारखं विजेवरचं मशीन गुरगुरतं, त्याची टोकदार सुई स्टीलवर नाचते आणि अक्षरं उमटतात. लग्नातली भेट, संक्रांतीचं वाण, वर्षश्राद्धाला वाटायची ताटं, सगळ्यांवर नाव आणि तारीख. गेल्या एकतीस वर्षांत भाईंदर आणि मिरा रोडच्या किती स्वयंपाकघरांत त्यांचं अक्षर पोचलं, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र नाव घातलेलं एकही भांडं नाही. उर्मिलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पहिली दहा वर्षं आठवण करून दिली आणि मग सोडून दिलं.

सतरा दिवसांपूर्वी, सहा नोव्हेंबरला, मांडवकरांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, "किती दिवसांपासून कमी दिसतंय?" त्यांनी "सहा महिने" सांगितलं होतं. शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा आकडा त्यांनी वाचून दाखवला आणि उर्मिलाबाईंना वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. थेंब दिवसातून सहा वेळा. जवळचा चष्मा महिन्याभरानं, तोवर हातातला पेपर वाचता येणार नाही. मांडवकर हे सगळं पाळत होते, पण बसत नव्हते. हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये अशा फेऱ्या चालू होत्या. दर पाच मिनिटांनी एक डोळा झाकायचा, मग दुसरा.

"अहो, पंख्याचं बटण चालू-बंद करतात तसं काय चाललंय?" उर्मिलाबाई म्हणाल्या. "एका जागी बसाल का?"

"बसतोच आहे."

"तुम्ही बसता तेव्हा मला खुर्चीची दया येते."

कारण डोळा नव्हता. कारण दिपेशभाईंचा फोन होता. दिपेशभाई हे दुकानाचे मालक, वय चव्वेचाळीस, वडिलांच्या पश्चात दुकान चालवतात. शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकशीला फोन केला आणि शेवटी म्हणाले, "आरामात या, काका. काही घाई नाही."

संक्रांत दोन महिन्यांवर होती. वाणाच्या ऑर्डरी नोव्हेंबरातच सुरू होतात. मांडवकरांना कावीळ झाली होती तेव्हासुद्धा दिपेशभाईंच्या वडिलांनी नवव्या दिवशी माणूस पाठवला होता. एकतीस वर्षांत त्या दुकानातून 'घाई नाही' हे दोन शब्द कधी आले नव्हते.

"चांगुलपणानं बोलला असेल," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"दुकानदार सीझनमध्ये घाई नाही म्हणतो तेव्हा त्याची सोय झालेली असते."

स्टूल जाणार का, आणि जाणार असेल तर कशामुळे, एवढा एकच प्रश्न मांडवकरांपुढे होता. फोनवर तो विचारण्यासारखा नव्हता. मग त्यांनी स्वतःचं काम तपासायला घेतलं. घरात नाव घातलेलं भांडं नसल्यामुळे लोकांच्या घरी जावं लागलं आणि निमित्त म्हणून पाणी मागावं लागलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या भानुबेनना हा प्रकार दोन दिवस कळला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याबरोबर खाखरा दिला आणि म्हणाल्या, "अंकल, घर में पानी नहीं आ रहा क्या? मैं सेक्रेटरी को बोलूँ?"

आठवडाभरात अकरा घरं झाली. २०१७ च्या डब्यांवरची ओळ सरळ. २०१९ च्या ताटांवरची सरळ. सुगंधाताईंच्या तांब्यावर मात्र ओळ शेवटाकडे किंचित खाली गेली होती. एक तांब्या म्हणजे पुरावा नव्हे. बाजारात धक्का लागतो, कुणी हाक मारतं. मांडवकरांना सलग काहीतरी पाहायचं होतं.

सलग माल मोरव्याला होता.

मोरवा हे भाईंदर पश्चिमेचं जुनं गाव. तिथल्या एका मंडळाची लग्नकार्याला द्यायची भांडी देवळामागच्या खोलीत असतात. दर एक-दोन वर्षांनी मंडळ नवी भांडी घेतं, याच दुकानातून, आणि प्रत्येक भांड्यावर मंडळाचं नाव आणि खरेदीची तारीख घातली जाते. किल्ली बाबाजींकडे. बाबाजी सत्तरीचे, मांडवकरांचे जुने गिऱ्हाईक. शस्त्रक्रियेच्या बाविसाव्या दिवशी, दुपारचे थेंब घालून झाल्यावर, मांडवकर उर्मिलाबाईंना "पाय मोकळे करून येतो" असं सांगून निघाले आणि भाईंदरहून उत्तनच्या बसमध्ये बसले.

"डोल्याला काय झाला रं?" बाबाजींनी काळा चष्मा पाहून विचारलं.

"मोतीबिंदू काढला."

"मंग घरान बसाचा. लगीन हाय का कोनाचा? भांडी कित्याला पाहिजेल?"

"नेणार नाही. बघणार फक्त."

"बगाला तिकीट हाय," बाबाजी म्हणाले आणि हसत कुलूप काढलं.

मांडवकरांना वाकायची बंदी होती, म्हणून पराती बाबाजींनीच भिंतीला टेकवून ओळीनं उभ्या केल्या. तारखांप्रमाणे पाच. मांडवकर दारापर्यंत मागे गेले. २०१९ च्या परातीवरची ओळ दोरी ताणल्यासारखी होती. २०२१ ची तशीच. फेब्रुवारी २०२३ च्या परातीवर शेवटची चार अक्षरं खाली झुकली होती. एप्रिल २०२४ च्या परातीवर मंडळाचं नाव जिना उतरावं तसं उतरलं होतं, आणि तारीख पार काठाला जाऊन टेकली होती.

सहा महिने नव्हे, जवळजवळ तीन वर्षं.

"हे तुम्हाला दिसलं नाही?" त्यांनी विचारलं.

"दिसला ना. पोरा हसली पन. मी बोललो, परातीन भात बगाचा का नाव?"

"मला सांगायचं."

"तुला सांगाचा? तू भांडन करशील. आनी भात काय सांडत न्हाय ना तिच्यातून!"

पाचवी परात नोव्हेंबर २०२४ ची होती. मांडवकरांनी ती दोनदा पाहिली, एकदा जवळ जाऊन ओळीवरून बोटही फिरवलं. ओळ सरळ होती. एकतीस वर्षांत त्यांनी घातलेल्या कुठल्याही ओळीइतकी सरळ, किंबहुना जास्तच. अक्षर त्यांचंच होतं. पण त्या महिन्यापर्यंत त्यांना समोरून येणाऱ्या बसचा नंबर दिसायचा बंद झाला होता. डोळा खराब होत गेला आणि ओळ सुधारली, असं कसं होईल?

परतीच्या बसमध्ये ते बसले नाहीत. जागा होती, तरी दांडा धरून उभे राहिले. राई गाव मागे पडल्यावर त्यांना चिकटपट्टी आठवली.

गेल्या वर्षी गणपतीनंतर दिपेशभाईंनी एक नवी पद्धत सुरू केली होती. भांडं मांडवकरांकडे देण्याआधी ते स्वतः त्यावर निळ्या चिकटपट्टीची एक पट्टी लावत. "सुई घसरली तर पॉलिशला ओरखडा येतो, काका. कंपनीवाले सांगतात." मांडवकरांना ते पटलं होतं. निळी रेघ ठळक होती, तिच्या वरच्या कडेनं सुई चालवली की काम झटपट व्हायचं. त्यांनी एकदा उर्मिलाबाईंना सांगितलंही होतं, की या वयात हात उलट जास्त बसलाय.

घरी पोचले तेव्हा थेंबांची वेळ टळून चाळीस मिनिटं झाली होती. उर्मिलाबाई बाटली हातात धरून दारातच उभ्या होत्या.

"पाय मोकळे झाले?"

"झाले."

"मग इथे आडवे व्हा. वर बघा. आणि डोळा मिटू नका, मोरव्याला गेला होतात हे बाबाजींनी फोन करून सांगितलंय."

पुढचे तेरा दिवस ते घराबाहेर फारसे पडले नाहीत, पण झोपही लागली नाही. स्टूल जाण्याचं कारण आता त्यांच्या हातात होतं. अकरा डिसेंबरला तपासणी झाली, डॉक्टरांनी जवळचा चष्मा लिहून दिला. डाव्या डोळ्याचं संक्रांतीनंतर पाहू म्हणाले. मांडवकरांनी जाता जाता एवढंच सांगितलं, "डॉक्टर, सहा महिने चुकीचं होतं. तीन वर्षं लिहा." डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. चष्मेवाल्यानं त्याच संध्याकाळी चष्मा बनवून दिला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते दुकानात हजर होते. स्टूल होतं तिथेच होतं, त्यावर कुकरची खोकी रचलेली होती.

"अरे काका! बोललो होतो ना, घाई नाही."

"त्याचंच विचारायला आलोय. पट्टी पॉलिशसाठी नव्हती ना?"

दिपेशभाई गिऱ्हाईकाला पातेल्याचं झाकण दाखवत होते. त्यांनी ते सावकाश खाली ठेवलं.

"नाही."

"मला सांगितलं का नाही?"

"दोनदा विचारलं, काका. डोळा दाखवून घ्या बोललो. पहिल्यांदा तुम्ही बोललात, दिपेश, तू हाफ पँटीत होतास तेव्हापासून मी नावं घालतोय. दुसऱ्यांदा दोन दिवस माझ्याशी बोललाच नाहीत. मग पट्टी आणली. पट्टीचा तुम्हाला राग येत नव्हता."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हे मांडवकरांना आठवत होतं.

"आणि आता कुणाची सोय केलीय?"

"पूर्वेला एक जण कॉम्प्युटरवर करतो. तीन दिवसांनी माल देतो. बोललोय त्याच्याशी, पक्कं नाही केलं. तुमचा हात कसा आहे ते बघितल्याशिवाय त्याला ऑर्डर कशी देऊ?"

"मग बघा. एक तांब्या द्या. पट्टी नको."

खोकी हलली. मांडवकर स्टुलावर बसले, नवा चष्मा घातला, मशीनची पिन लावली. समोर संक्रांतीच्या ऑर्डरची चिठ्ठी होती: सौ. समिधा पराग कोळवणकर, सिल्व्हर पार्क, एकावन्न तांबे. सुई गुरगुरली. कित्येक दिवसांनी त्यांना सुईचं टोक दिसत होतं, आणि टोकाखालून उडणारी बारीक चमकही. नाव घालायला चार मिनिटं लागली. पूर्वी दीड लागायचं.

दिपेशभाईंनी तांब्या उजेडात धरला. "फर्स्ट क्लास. एकदम सरळ."

"तिथे ठेवा."

तांब्या काउंटरवर ठेवला गेला. मांडवकरांनी चष्मा काढला आणि पायरी उतरून तीन पावलं मागे, रस्त्यावर गेले. मागून एका रिक्षानं हॉर्न दिला. त्यांनी डावा डोळा झाकला.

"शेवटची दोन अक्षरं उतरलीत."

"कुठे?"

"तांदळाएवढी."

दिपेशभाईंनी तांब्या पुन्हा उचलला, डोळ्यांजवळ नेला, तिरका केला. बराच वेळ पाहिलं. "काका, गिऱ्हाईकाला नाही दिसणार हे."

"मला दिसतंय."

रिक्षा पुढे गेली. दिपेशभाईंनी मांडवकरांकडे आणि हातातल्या तांब्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मग काय करायचं?"

"पट्टी काढा. मीच लावतो. दुसरा डोळा होईपर्यंत हात पट्टीनंच चालवायचा."

खणातलं रीळ निघालं. त्यावर जेमतेम वीतभर पट्टी उरली होती. तेवढ्या पट्टीत दोन तांबे झाले आणि दोन्हींवरची ओळ सरळ होती, हे मांडवकरांनी दोन्ही वेळा रस्त्यावर जाऊन पाहिलं. दिपेशभाईंनी फोन काढला आणि पूर्वेच्या माणसाला सांगितलं की यंदा नको. मग चिठ्ठी स्टुलाशेजारच्या खिळ्याला अडकवली.

उतरत्या ओळीचा तांब्या गिऱ्हाईकाला देण्यासारखा नव्हता. मांडवकर तो पिशवीत घालून घरी घेऊन गेले. नाव घातलेलं त्या घरातलं ते पहिलं भांडं. उर्मिलाबाईंनी ते दिव्याखाली नेऊन वाचलं.

"एकतीस वर्षांनी आणलंत, तर ही समिधा कोण?"

"सिल्व्हर पार्कची."

"बरं. तिला म्हणावं, पाणी प्यायला येत जा."

उद्या, तेरा डिसेंबरला, दुकान साडेदहाला उघडेल. थेंब आता दिवसातून तीनदाच आहेत; सकाळचे आठला, दुपारचे दोनला, आणि दुपारची बाटली मांडवकरांच्या डब्याच्या पिशवीत ठेवलेली आहे. एकावन्नातले एकोणपन्नास तांबे बाकी आहेत. निळ्या पट्टीचं रीळ संपलंय. शांती नगरातलं स्टेशनरीचं दुकान साडेनऊला उघडतं, तिथून नवं रीळ घेऊन ते भाईंदरची बस पकडणार आहेत.