विमलअक्कांचा फळा

स्टाफरूममध्ये किस्से खडूच्या धुळीसारखे साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण बाही झटकली की निघतातच. माझ्या बाहीतले सगळे विमलअक्कांचे आहेत. आणि मी त्यांच्यावर जळतो, हे आधीच सांगून टाकतो.

सप्तापूरजवळच्या आमच्या शाळेत दहावीचं गणित पहिल्यापासून माझं. अक्का मागच्या वर्षी हुबळीहून आल्या, नववीला गणित शिकवतात. मुलंही त्यांना अक्काच म्हणतात. येत्या जूनपासून दहावीसुद्धा त्यांनाच द्यावी, असं हेडमास्तरांच्या डोक्यात घोळतंय. माझ्या पोटात का दुखतं, ते आता कळलं असेल.

*

आमच्याकडे रीत आहे, तास संपला की ज्याचा फळा त्याने पुसून जायचं. अक्का पुसत नाहीत. त्यांच्यानंतर नववीवर माझा सायन्सचा तास. आत गेलो तर फळाभर रंगीत ठिपक्यांचे चौकोन. एकाचा, चाराचा, नवाचा, सोळाचा. मी डस्टर उचलला तर सगळा वर्ग ओरडला, "बेडा, बेडा! नको सर, पुसू नका!"

त्या दिवशी आम्ल आणि अल्कली मी कोपऱ्यातल्या रुमालाएवढ्या जागेत शिकवले.

*

म्हटलं, रंगीत खडू काय आपल्याला मिळत नाहीत? दहावीचा फळा चार रंगांनी भरून टाकला. मुलं गप्प बसून बघत राहिली. मला वाटलं, जमलं. मग एकाने हात वर केला.

"सर, आज शाळेत काय फंक्शन आहे?"

*

हेडमास्तरांची एक खोड आहे. तास चालू असताना ते मागच्या बेंचवर येऊन बसतात आणि म्हणतात, "स्पष्ट काढा की हो सर. इथनं दिसत नाही." माझ्या फळ्याबद्दल हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. अक्कांच्या तासाला बसले, तर चकार शब्द नाही. शेवटी उत्तर द्यायला मुलांबरोबर त्यांनीही हात वर केला म्हणे.

*

माझी मुलगी मेघना नववीत, म्हणजे अक्कांच्याच वर्गात. एका सकाळी दारात आईची रांगोळी अडवून बसली. "हे बघ आई, एक ठिपका. दोन बाजूंनी तीन घातले की चौकोन. मग पाच घातले की मोठा चौकोन. मग सात." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अप्पा, तुम्ही हे कधी सांगितलंच नाहीत."

मला येतं हो ते. मी सूत्र सांगितलं होतं. त्या दिवशी चहासुद्धा कडू लागला.

*

गेल्या गुरुवारी नववीत शिरलो आणि फळा बघून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. चौकोनांखाली आकडे होते. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, चौसष्ट. अठ्ठेचाळीस! अक्का चुकल्या होत्या.

मी तसाच जाऊन हेडमास्तरांना घेऊन आलो. ते सवयीने मागच्या बेंचवर बसले. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "सातचा वर्ग एकोणपन्नास. इथे काय लिहिलंय बघा."

सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला काही कळेना.

मेघना उठली. शाळेत ती मला सरच म्हणते. "सर, अक्का दर गुरुवारी एक आकडा मुद्दाम चुकवून जातात. ज्याला सापडेल त्याने दुरुस्त करून खाली आपलं नाव घालायचं." आणि तिने टेबलावरचा लाल खडू माझ्या हातात दिला.

मी हेडमास्तरांकडे बघितलं.

"नाव स्पष्ट काढा की हो सर," ते म्हणाले. "इथनं दिसत नाही."