डावा हात कल्याणचा, उजवा ठाण्याचा

माझ्या मालनमावशीनं मला आयुष्यात एकदाच मारलं. सोळा वर्षांची होते मी. तिच्या मोरीत, उत्तमकाकांचं दाढीचं यंत्र हातात घेऊन आरशासमोर उभी होते. हनुवटीची डावी बाजू करून झाली होती, उजवी राहिली होती. मावशी आत आली, यंत्र हिसकावून घेतलं आणि साबणाच्या फेसासकट गालावर अशी ठेवून दिली की कानात शिट्टी वाजली.

"बाईच्या तोंडाला ब्लेड लावतेस? उद्या खुंटं उगवतील खुंटं! बाप्या व्हायचंय का गो तुला?"

तो राग मी सात वर्षं मनात ठेवला. आज तो सगळा गेलाय असं म्हणाले तर खोटं ठरेल.

मालनमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. दोघी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. आई, मनुबाई, बाजारात मासळी घेऊन बसायची. मावशीला त्यातलं काहीच नको होतं. त्र्याऐंशी साली तिनं नौपाड्यात पार्लरचा कोर्स केला, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि लग्नानंतर डोंबिवलीत मानपाड्याला आल्यावर आपल्या पुढच्या खोलीत आरसा लावून पार्लर उघडलं. उत्तमकाका रंगाच्या कंपनीत पाळ्या करायचे. दहावीनंतर मी टायपिंग शिकायला म्हणून मावशीकडे राहायला आले ती तिथलीच झाले.

मावशी तापट होती. उशिरा येणाऱ्या नवरीला ती तिच्या सासूसमोर झापायची. पण खोलीच्या एका कोपऱ्यात तिनं जुन्या साडीचा पडदा लावला होता आणि त्या पडद्यामागं तिचा आवाज कधी चढला नाही. हनुवटीला, ओठांवर, कानाशी केस असलेल्या बायका तिथं बसायच्या. त्या कधीही "दाढी" म्हणायच्या नाहीत. दारातून हळूच सांगायच्या, "भुवया, आणि जरा..." ते "जरा" ऐकलं की मावशी काही न विचारता पडदा सरकवायची. बँकेतल्या बाई होत्या, शाळेतल्या बाई होत्या, पाच मुलांची आईही होती. बाहेर रस्त्यात भेटल्या तर मावशी त्यांना ओळखसुद्धा दाखवायची नाही. इतकं ती सांभाळायची.

थप्पड खाल्ली त्या संध्याकाळी मीही पडद्यामागं गेले. मावशीनं पावडर लावली, दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, आणि एकेक केस मुळापासून ओढला. डोळ्यांतून पाणी आलं. "ब्लेडनं वाढतात, दोऱ्यानं कमी होतात," ती म्हणाली. "दर शनिवारी बसायचं."

कमी झाले नाहीत. सात वर्षं मी दर शनिवारी बसले. गुरुवार उजाडला की हात आपोआप हनुवटीवर जायचा. मानपाड्याच्याच एका कारखान्यात मला टायपिस्टची नोकरी लागली, तिथं साहेबांनी पुढं रिसेप्शनवर बसायला सांगितलं तर मी नको म्हणाले. ऑफिसातल्या मुली खडवलीला नदीवर दोन दिवस जाणार होत्या, शनिवार-रविवार. मी आईचं आजारपण पुढं केलं. मला नवरा नको होता, गोरा रंग नको होता. मला एक शनिवार हवा होता, जो माझा असेल.

अठ्ठ्याण्णव साली कुणीतरी पार्लरमध्ये कागद आणून टाकला. कल्याणला एका डॉक्टरकडे नवीन यंत्र आलंय, प्रकाशानं केस जातात, "कायमची सुटका". आठवड्याभरात ठाण्याचाही कागद आला, तिथं लेसर, आणि खाली तेच, "कायमची सुटका". आज मला ठाऊक आहे की तो शब्द लबाड होता. बरेच केस जातात, काही बारीक होतात, काही परत येतात, मग वर्षातून एखाद-दोनदा पुन्हा जावं लागतं. पण हे त्या कागदावर कुणी छापलं नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी कल्याणला निघाले होते. मावशीनं दार अडवलं.

"तोंड आहे ते. आधी मी बघते."

केस असतील तरच फरक दिसेल, म्हणून तिनं आपल्या दोन्ही हातांचं वॅक्सिंग बंद केलं. दीड महिना ती केसाळ हातांनी दुसऱ्यांच्या हातांचे केस काढत होती. बायका विचारायच्या, "मालनताई, हे काय?" ती म्हणायची, "मळा लावलाय." मग ती डावा हात घेऊन कल्याणला गेली आणि उजवा घेऊन ठाण्याला.

कल्याणचं यंत्र म्हणजे एक मोठा दिवा. हातावर थंड जेली फासायची, वर काचेचं चौकोनी तोंड टेकवायचं, आणि फोटोचा फ्लॅश उडतो तसा झगमगाट. त्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, नको ते गाळायला पुढं काच लावतात. एका फटक्यात मोठा तुकडा होतो, म्हणून हात लवकर आटोपला. मावशी हसत घरी आली. तिसऱ्या दिवशी डाव्या हातावर तपकिरी चौकोन उमटले, ओळीनं, आगपेटीएवढे. मग ती कातडी सुटली. खालून पांढरे डाग निघाले ते सहा महिने टिकले.

ठाण्याचं लेसर एकाच रंगाच्या उजेडाचं, कातडीच्या बरंच खाली उतरणारं. त्याचं तोंड धातूचं, बर्फासारखं गार, आणि एकेक ठिपका मारत जायचं. रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो, मावशी म्हणाली. वेळ चौपट लागला. दोन दिवस हात लाल राहिला, मग साफ. महिन्याभरानं केस बोटांवर मोजण्याइतके उगवले.

मावशी डागाळलेला हात घेऊन कल्याणच्या डॉक्टरपुढं उभी राहिली. मी सोबत होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हा प्रकाश काळा रंग पकडतो. गोऱ्या त्वचेत फक्त केस काळा असतो. तुमची त्वचाच सावळी, म्हणून तिनंही प्रकाश पकडला."

"मी सावळी आहे हे तुम्हाला आज दिसलं?" मावशी म्हणाली. "दिवा लावला तेव्हा डोळे कुठं होते तुमचे?"

"यंत्रासोबत जो तक्ता आलाय त्याप्रमाणे..."

"तक्ता कुणाच्या कातडीचा? इथं कल्याणात कोण येणार होतं, मडमा?"

मला तो डॉक्टर आजही आठवतो तेव्हा दात आवळले जातात. यंत्र वाईट होतं असं मी म्हणत नाही. आमच्याच गल्लीतल्या एका गोऱ्यापान बाईंना त्याच दिव्याचा चांगला गुण आला. पण समोरच्या माणसाचा रंग बघून बटण कमी करायचं एवढी साधी गोष्ट, आणि ती या शिकलेल्या माणसाला सुचली नाही. मावशीच्या हाताच्या जागी माझी हनुवटी असती. त्या दिवसापासून मावशी कुणीही विचारलं की बाह्या वर करून दोन्ही हात पुढं करायची. "हा कल्याणचा, हा ठाण्याचा. बघ आणि ठरव."

मी ठाण्याला जायचं ठरवलं. पाच वेळा गेले, दर दीड महिन्यानं. सगळे शनिवारच. आदल्या शुक्रवारी मावशी मला पडद्यामागं घ्यायची आणि नेहमीपेक्षा काळजीपूर्वक दोरा फिरवायची. "डॉक्टरासमोर जायचंय, तोंड स्वच्छ नको?" जशी देवळात जाताना आंघोळ. तिथं यंत्र चालवणारी एक पोरगी यायची, गुळगुळीत हनुवटीवर ठिपके मारायची, मी चटके सोसायची, आणि आठ दिवसांत केस जसेच्या तसे. चार-दोन जळाले असतील तेवढेच.

पाचव्या वेळेनंतर डॉक्टरांनी दोन मिनिटं दर्शन दिलं. "तुमची केस हट्टी आहे. हार्मोन असणार. अजून सहा वेळा करू."

मी घरी येऊन जेवले नाही. आरशात बघत बसले.  मावशी माझ्यासमोर बसून आपला उजवा हात उलटसुलट बघत होती. तेच यंत्र, तीच पोरगी, तसलीच सावळी कातडी. हात साफ आणि हनुवटी भरलेली. तिनं हातावरून बोट फिरवलं, मग माझ्या हनुवटीवरून. मग एकदम उठली.

"सगुणा, चप्पल घाल."

ठाण्याच्या दवाखान्यात बाकांवर बारा-तेरा बायका बसल्या होत्या. मावशी कुणालाही न जुमानता आत गेली. मी तिच्या मागं. दार उघडंच राहिलं.

"डॉक्टर, मला एक सांगा. दोऱ्यानं मुळापासून ओढलेल्या केसावर उजेड मारला तर काय होतं?"

"काही नाही होत," डॉक्टर म्हणाले. "मूळ जाग्यावर हवं. काळा केस उजेड पकडतो, ती उष्णता मुळाला पोचते. केसच नसेल तर जाळणार काय?"

"मग ही पाच वेळा आली. आदल्या दिवशी मी दोरा फिरवून पाठवली. तुम्हाला दिसलं नाही?"

डॉक्टरांनी खणातून कागद काढून पुढं केला. "फॉर्मवर लिहिलेलं आहे. सहा आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग करू नये. तुमच्या मुलीची सही आहे."

सही माझीच होती. तीन पानांचा इंग्रजी फॉर्म, बारीक अक्षरात. मी टायपिस्ट असून वाचला नव्हता, कारण हनुवटी झाकून सही करून मोकळं व्हायची मला घाई होती.

"सही कशाला दाखवता?" मावशीचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "तोंडानं सांगायला काय झालेलं? कुठली बाई तुमच्याकडे दाढी वाढवून येणार हो? प्रत्येक जण आदल्या दिवशी ओढूनच येणार! बाहेर जाऊन विचारा त्या सगळ्यांना! तुमच्या त्या पोरीनं पाच वेळा या मुलीच्या मोकळ्या कातडीवर चटके दिले आणि तुम्ही म्हणता हिची केस हट्टी! हट्टी ही नाही. तुम्ही आंधळे आहात!"

 मला दारातून दिसत होतं, बाहेर तीन-चार बायकांचे हात हनुवटीवर गेले होते.

डॉक्टर लाल झाले. "ठीक आहे. पुढच्या वेळी थ्रेडिंग नको. सहा आठवडे वाढू द्या."

"सहा आठवडे ती अशीच ऑफिसला जाईल?"

"तसं कशाला? रोज रेझर फिरवा. रेझरनं वरचा केस कापला जातो, मूळ राहतं. इथं येण्याआधीही तेच करा."

"ब्लेड?" मावशी म्हणाली. "ब्लेडनं दाट होतात."

"नाही होत. तो गैरसमज आहे."

तिनं पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं.

परतताना आम्ही लोकलमध्ये शेजारीशेजारी बसलो. तोंड उघडलं असतं तर मी किंचाळले असते. मला डॉक्टरचा राग आला होताच. पण त्याहून मोठा राग माझ्या शेजारी बसलेल्या बाईचा होता. सात वर्षं. रोज सकाळी काकांच्या यंत्रानं दोन मिनिटांचं काम. खडवली, रिसेप्शन, सगळे शनिवार. एका थपडेनं तिनं ते सगळं काढून घेतलं होतं, आणि वर स्वतः दोरा घेऊन बसली होती. माया करत होती हे कळत होतं, त्यानं राग जास्तच येत होता.

सहा आठवडे मी मोरीचं दार लावून एकटीच ब्लेड फिरवलं. मावशी आत आली नाही. केस दाट झाले नाहीत. रोज सकाळी ती माझ्या हनुवटीकडे एकदा बघायची आणि नजर वळवायची.

जायचा शनिवार आला. मी मोरीकडे निघाले तर पार्लरमधून हाक आली. खोलीत तीन बायका बसल्या होत्या, त्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या आवडाबाई. कोपऱ्यातला साडीचा पडदा दोरीवरून ओढून खाली टाकलेला. मावशीनं मला खिडकीजवळच्या मोठ्या खुर्चीत बसवलं, सगळ्यांसमोर. तिच्या हातात काकांचं यंत्र होतं, नवीन ब्लेड घातलेलं, आणि वाटीत साबणाचा फेस.

"अगो मालन!" आवडाबाई ओरडल्या. "पोरीच्या तोंडाला ब्लेड?"

"हो, ब्लेड!" मावशी कडाडली. "कान उघडे ठेवून ऐका सगळ्या. उजेडाकडे जायचं असेल तर माझ्याकडे दोरा फिरवायला येऊ नका. दोऱ्यानं मूळ जातं, मग उजेड वाया. आणि ब्लेडनं दाढी वाढत नाही. मी पंधरा वर्षं खोटं सांगितलं. ज्यांना माझ्याकडे यायचं नसेल त्यांनी आत्ताच उठा."

कुणी उठलं नाही. मावशीनं फेस लावला. मग ज्या गालावर मारलं होतं त्याच गालावर तळवा ठेवून कातडी ताणली आणि यंत्र टेकवलं. तिनं ते अगदी हळू खाली ओढलं. 

"दुखतंय का गो?"

सात वर्षांत हे तिनं पहिल्यांदा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं.

तिचे डोळे भरून आले. तीन बायकांसमोर ती मोठ्यानं म्हणाली, "तू बरोबर करत होतीस. मी तुला मारलं."

मला खूप काही बोलायचं होतं. सगळं तोंडाशी आलं होतं, आणि तोंडावर फेस होता. तिनं डावी बाजू पुरी करून यंत्र वाटीत बुडवलं आणि पदरानं डोळे पुसत तशीच उभी राहिली.

"उजवी राहिलीय, मावशी," मी म्हटलं. "तेव्हाही तीच राहिलेली."