पीटीचे सदतीस तास

जून महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम प्रत्येक मुलामागे वर्षाला नऊशे रुपये. हजर मुख्याध्यापिका, पीटीचे सर आणि पालक समितीतले आम्ही सहाजण. विषय होता शाळेचा नवा आरोग्य उपक्रम: रोज वीस मिनिटे व्यायाम आणि आठवड्याला पीटीचे दोन तास. ठरावावर पहिली सही मी केली, कारण मला घाई होती.

माझी मुलगी सातवीत आहे. मे महिन्यात तिच्या मानेवर काळपट पट्टा दिसला. बायकोला वाटले मळ असेल, म्हणून तिने घासून घासून मान लाल केली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला सांगितले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सहा पूर्णांक एक आली.

"साडेसहाच्या वर गेली तर गोळ्या सुरू कराव्या लागतील," त्या म्हणाल्या. "आणि या वयात सुरू झाल्या की लवकर सुटत नाहीत. रोज घाम निघू द्या. ऑक्टोबरात परत बघू."

आमच्या सोसायटीत खेळायला बंदी आहे. जागा गाड्यांना लागते. मी न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटाकडे हिशेब बघतो, बायको तुर्भ्याच्या कारखान्यात आहे. दोघांनाही घरी यायला साडेआठ होतात. मुलीला एकटीला फिरायला पाठवले तर कोपऱ्यावरूनच परत यायची. खालची मुले तिला टँकर म्हणतात. वर्गाबरोबर मात्र ती पळते. चौथीत ती खो-खोच्या संघात होती. त्यामुळे आमची सगळी भिस्त शाळेवर होती.

रोज जेवताना मी तिला विचारायचो आणि वहीत लिहून ठेवायचो. ऑगस्ट संपेपर्यंत वेळापत्रकात पीटीचे वीस तास होते. झाले तीन. चौदा गणिताला गेले, उरलेल्या तीन वेळा सरांना दुसऱ्या कामाला लावले होते.

"आणि रोजची वीस मिनिटं?" मी विचारले.

"बाकाशेजारी उभं राहायचं, हात वर, हात खाली. पाच मिनिटं होतात बाबा. तेवढ्यात बाई हजेरी घेतात."

"धाप लागते का?"

"कुणालाच नाही लागत."

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी वही घेऊन मी पीटीच्या सरांकडे गेलो. सर इथलेच. शाळा ज्या गावाच्या शेतांवर उभी आहे त्या गावचे. तरुणपणी कबड्डी खेळायचे. मी गेलो तेव्हा ते मैदानावर शिट्टी वाजवत होते आणि शिट्टीवर स्कूलबस मागे येत होती. मैदानात अकरा बस मी मोजल्या.

त्यांनी वही शांतपणे वाचली. मग मला आत नेले, कपाटातून एक फाईल काढली आणि एक कागद समोर धरला.

"सायेब, यो अक्षर कोनाचा हाय? वलकता का?"

अक्षर माझे होते. दोन वर्षांपूर्वी, मुलगी पाचवीत असताना, शिष्यवृत्ती परीक्षेसाठी पालकांच्या वतीने मी तो अर्ज लिहिला होता. आठवड्याला पीटीचे दोन तास, प्रत्येकी पस्तीस मिनिटे, बत्तीस आठवडे. एकूण सदतीस तास वीस मिनिटे. इतका वेळ गणिताच्या सरावाला मिळू शकतो, असे मी आकड्यांनिशी दाखवले होते. खाली अडतीस पालकांच्या सह्या होत्या.

"पन ते फक्त पाचवीला होतं ना?" घाईत मीही त्यांच्यासारखाच बोललो.

सर हसले. "म्याडमना हिसाब लय आवरला तुमचा. पाचवीपासून दहावीपर्यंत लावला. मंग मैदान रिकामा दिसाया लागला, त्यावं गाड्या आल्या. आता मना इचारता पोरी का पलत नाय?"

मुलीला शिष्यवृत्ती मिळाली नव्हती.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पालकांनी मागितलं म्हणून आपण दिलं. पालकांनी परत मागितलं तर विचार करू." म्हणून मी नवा अर्ज लिहिला आणि आठ दिवस, शाळा सुटायच्या वेळी अर्ध्या रजा टाकून फाटकाशी उभा राहिलो. मुलीच्या वर्गात एकेचाळीस मुले. चार सह्या मिळाल्या, त्यात एक माझी.

"अहो, सातवीत पाया कच्चा राहिला तर पुढे काय?" एक आई म्हणाली. मागच्या अर्जाला सह्या गोळा करायला तीच माझ्याबरोबर होती. "तेव्हा तुम्हीच आम्हाला तास मोजून दाखवलेत. आता वजन तुमच्या मुलीला उतरवायचंय, तर आमच्यांनी गणित सोडायचं? जिमला घाला की तिला!"

जिमवाल्याने सोळा वर्षांखाली घेत नाही म्हणून सांगितले होते. हे मी तिला सांगितले नाही. दोन वर्षांपूर्वी कुणी असा कागद घेऊन माझ्याकडे आले असते, तर मीही सही केली नसती.

सप्टेंबरअखेर शाळेने आरोग्य दिन केला. मैदानावरच्या बस अर्ध्या दिवसासाठी रस्त्यावर लावल्या, मुलांना टोप्या वाटल्या, रांगेत हात वर करून फोटो काढले. पावणेबाराला बस परत आत आल्या. तो फोटो आता शाळेच्या माहितीपत्रकावर आहे. मुलगी तिसऱ्या रांगेत आहे.

त्या दिवशी रात्री मी तिला सांगितले की पीटीचे तास बंद करणारा अर्ज मीच लिहिला होता.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हा तू घरी वाचून दाखवला होतास. आईने गोड केलं होतं."

ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती टोपीचा कागदी बिल्ला सोलत बसली होती.

ऑक्टोबरात रक्त परत तपासले. सहा पूर्णांक सात. डॉक्टरबाईंनी अहवाल दोनदा पाहिला, मग चिठ्ठी लिहिली. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. मुलीने विचारले, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "बघू." खांदेश्वर स्टेशनसमोरच्या औषधवाल्याने तीस गोळ्या मोजून दिल्या. त्याला अठ्ठावन्न रुपये दिले.