न काढलेला केर

दोन हजार एकोणीस साली मी एकाहत्तरचा होतो, तेव्हा नातू नेवीच्या ट्रेनिंगला गेला. गेलेलं माणूस पोचल्याची खबर येईपर्यंत आमच्यात केर काढत नाहीत, आणि तिथे तर पोरांचे फोनच जमा करून घेतले. घरभर धूळ साचली, तरी सूनबाई झाडूला हात लावू देईना, जेवेनाही. मी दटावलं, ‘फौजेतल्या माणसांचं घर आहे हे, रडारड नको.’ मग आमच्या नया बाजारात कोणाकडून तरी सुनेबद्दल ऐकून शहराच्या दुसऱ्या भागातली, थाटीपूरची एक अनोळखी बाई आली. तिची मुलगी आदल्या वर्षी नेवीत गेलेली. म्हणाली, ‘पहुँच गया होगा, बहन. अब झाडू लगा ले.’ सून एकदम फुटली. ‘झाडू लगा दी तो वो सच में चला जाएगा, दीदी!’ बाई चांगल्या साडीनिशी त्या धुळीतच बसली, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. मग ती बाई मला म्हणाली, ‘बाबा, अकड़े मत बैठो, चाय तो पिलाओ.’ चहा मीच केला. साखर घालायची राहिली, तरी दोघी प्यायल्या. निघताना दारात ती हळूच बोलली, ‘कल सुबह मेरा छोटा भी जा रहा है. फिर घर में कोई नहीं.’ दुसऱ्या दिवशी उजाडताच मी टोपी घातली आणि सूनबाईला घेऊन थाटीपूरला तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.