अक्काचं चित्र काढायला लागलेली चार वर्षं

लग्न होऊन मी सुरतला आले तेव्हा पांडेसऱ्यात आमच्या दोन खोल्या एकमेकींना लागून होत्या. एकीत मी आणि माझा नवरा, दुसरीत त्याचा थोरला भाऊ आणि त्याची बायको. दोघे भाऊ एकाच मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात होते. घरी आले की हातपाय धुतले तरी नखांच्या कडा कधी निळ्या, कधी लाल राहायच्या.

थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी होती. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. त्यात तिचा पाठचा भाऊ गेला आणि ती वाचली. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण राहिले होते. कपाळावर थोडे, गालांवर जास्त, नाकाच्या शेंड्यावर एक. अनोळखी माणूस समोर आला की ती पदर तोंडापर्यंत ओढायची. घरात मात्र तिच्यासारखी मोकळी बाई नव्हती. मला पहिले सहा महिने गावाची आठवण येऊन रडू यायचं, तेव्हा ती काही समजावायची नाही. माझ्या खोलीत येऊन बसायची आणि भाजी निवडता निवडता गावच्या माणसांच्या नकला करायची. मग मी हसायचेच.

मी चित्रं काढते हे तिनेच पहिल्यांदा पाहिलं. वाण्याकडून आलेल्या पुडीच्या कागदावर मी वेल काढत बसले होते. तिने कागद उचलून उजेडात धरला आणि आपल्या ब्लाउजमध्ये खोचून घेऊन गेली. ती एका साडीच्या व्यापाऱ्याकडे घड्या घालायच्या कामाला जायची. आठ दिवसांनी येऊन म्हणाली, उद्या माझ्याबरोबर चल, तुझ्यासाठी काम बघितलंय.

ते काम ट्रेसिंगचं होतं. बाजाराच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, साडीची डिझाइनं बनवणारं एक छोटं ऑफिस होतं. तिथे एक चित्रकार कागदावर रंगात नक्षी काढायचा. मग आम्ही चार-पाच बायका काचेच्या टेबलावर बसायचो. काचेखाली ट्यूबलाइट. नक्षीवर पारदर्शक फिल्म ठेवायची आणि बारीक ब्रशने एकेका रंगाचा भाग काळ्या शाईने भरायचा. साडीत सहा रंग असले तर सहा फिल्म. शेठ पहिल्या दिवशी गुजरातीत म्हणाला, "बेन, विचारवानुं नहीं. लाइन पकडी राखवानी." विचार करायचा नाही, रेघ धरून ठेवायची.

मला ते फार आवडलं. दुसऱ्याने काढलेल्या रेघेवरून माझा हात असा चालायचा की शेठ माझी फिल्म तपासायचाही नाही. घरी येताना वाटायचं, आपल्याला काहीतरी येतं.

एका रविवारी अक्का न्हाऊन, केस मोकळे सोडून माझ्या दारात बसली आणि म्हणाली, "मनं चित्र काढ ना वं." माझं चित्र काढ.

मी म्हटलं, मला माणसं येत नाहीत. फुलं काढून देते, मोर काढून देते.

"तुले सगळं येस. तू नाटक करस," ती म्हणाली. मग आवाज खाली करून म्हणाली, "पन या वण नको काढू."

मी हो म्हटलं आणि काढलं नाही.

माझं कारण जुनं होतं, ते मी तिला सांगितलं नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्याकडे आत्या राहायला आली होती. ती ओसरीत तांदूळ निवडत बसलेली मी पाहिली आणि नव्याने सारवलेल्या भिंतीवर कोळशाने तिला काढली. आत्याचा एक डोळा तिरळा होता. मी तो तसाच काढला, कारण आत्याचा डोळा तसाच होता. घरातली पोरं हसली. आत्या आधी हसली, मग आत जाऊन रडत बसली. दुसऱ्या दिवशी, चार दिवस आधीच, ती सासरी निघून गेली. वडिलांनी मला मारलं नाही. भिंत पुन्हा सारवून घेतली आणि मला एवढंच विचारलं, "माणसाचं व्यंग दिसतं तुला, बाकी काही दिसत नाही का?" त्यानंतर मी माणूस काढला नाही. वेल, फूल, मोर रडत नाहीत.

अक्काच्या बाबतीत मला दोन्हीकडून भीती वाटायची. वण काढले तर तिचं मन दुखावेल. नाही काढले तर ते चित्र तिचं होणार नाही, भलत्याच कुणा बाईचं होईल. आणि खरं सांगायचं तर तिसरी भीती सगळ्यांत मोठी होती. मला काही येतच नसेल तर? काचेखालचा दिवा नाही, खाली कुणाची रेघ नाही, नुसता पांढरा कागद. ऑफिसातला चित्रकार तासन्‌तास कागदाकडे बघत बसायचा आणि एकदम हात घालायचा. मी त्याच्याकडे चोरून बघायचे. वाटायचं, हा माणूस वेगळ्या मातीचा आहे. आपण रेघ गिरवणाऱ्या बायका.

अक्का मधूनमधून आठवण करायची. दिवाळीत म्हणाली, आता मी चांगली दिसते, आता काढ. तिच्या बहिणीच्या लग्नाला जाताना नवी साडी नेसून माझ्यासमोर उभी राहिली. मी प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचे. पेन्सिल बरी नाही, उजेड नाही, काम फार आलंय. ती रागवायची नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारायची, जशी एखादी बाई दुसरीला लोणच्याची कृती विचारते.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली तेव्हा आम्हीही मिळेल त्या गाडीने गावी गेलो. मिल बंद, ऑफिस बंद. महिनाभर गावच्या घरी बसून होतो. अक्का म्हणाली, आता तुला कसलं काम आहे? तेव्हा मात्र माझ्याकडे सांगायला कारण उरलं नव्हतं. मी कागद घेतला, ती ओट्यावर बसली. मी अर्धा तास तिच्याकडे बघितलं आणि मग तिच्या मागचा निंब काढला. फांदी न् फांदी काढली. खाली ओट्यावर एक बाई पाठमोरी बसवली.

अक्काने चित्र पाहिलं. म्हणाली, निंब चांगला आलाय. त्यानंतर तिने मला पुन्हा विचारलं नाही.

सुरतला परतल्यावर वर्षभराने तिचे पाय सुजायला लागले. उभ्याने घड्या घालून सुजत असतील असं आम्ही धरून चाललो. मग सकाळी उठली की डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. जेवण जाईना, अन्नाचा वास नको झाला. जेठ, म्हणजे अक्काचा नवरा, तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. मीही बरोबर होते. तपासण्या झाल्यावर डॉक्टरने आम्हाला दोघांना बाजूला बोलावून सांगितलं की मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, फार उशीर झालाय. जेठ मान हलवत राहिले. त्यांना किती कळलं ते मला माहीत नाही. परत येताना रिक्षात अक्काने विचारलं, काय म्हणाला? ते म्हणाले, मीठ बंद करायला सांगितलंय.

तिने मीठ बंद केलं. पण सूज वाढतच गेली. कामावर जाणं थांबलं. मीही ऑफिसात सांगून फिल्म घरी आणायला लागले, म्हणजे दिवसा तिच्याजवळ राहता येईल. तिच्या खोलीत खिडकीच्या काचेला फिल्म चिकटवून मी काम करायचे आणि ती पडून बघायची. आता नकला करायची नाही. बोलली तरी दोन वाक्यं बोलून दमायची.

एका दुपारी तिने आरसा मागितला. मी द्यायला नको होता, पण ती हट्टाला पेटली. तिने बराच वेळ चेहरा पाहिला, गालावरून बोट फिरवलं. सुजेने कातडी ताणली गेली होती आणि तिच्या गालांवरचे खड्डे जवळजवळ भरून आले होते.

"देख," ती म्हणाली, "वण गयात. आते काढ."

वण गेले, आता काढ. ती चेष्टेने म्हणाली होती. मला हसता आलं नाही. समोर बसलेली बाई अक्का नव्हतीच. गुळगुळीत, पिवळसर, डोळे बारीक झालेली कुणी वेगळीच होती. मला एकदम कळलं की जो चेहरा काढायला मी चार वर्षं घाबरले, तो चेहरा आता या जगात कुठेच उरला नाही. फक्त मला पाठ आहे.

मी फिल्म बाजूला ठेवली. ऑफिसातून आणलेल्या एका रद्द डिझाइनचा कागद उलटा केला आणि तिला म्हटलं, बस, उठू नको. पहिली रेघ मोडली. दुसरीही मोडली. मग मी रेघ सोडून दिली आणि आधी वण काढले. डाव्या डोळ्याखालचा लांबट. त्याच्या खाली तीन जवळजवळ. उजव्या गालावरचे दाटीवाटीचे. भुवई जिथे तुटायची तिथला एक. नाकाच्या शेंड्यावरचा. त्यांच्या जागा मला विचार न करता येत होत्या. वण बसले आणि त्यांच्याभोवती गाल आला, नाक आलं, नक्कल करायच्या आधी ती ओठ मुडपायची ते ओठ आले. मी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान वाकडी करून काढत होते.

झाल्यावर कागद तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आता ती रडेल, मग मी काय करीन, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी मी वळले तर ती बोटाने एकेक वण चाचपत होती, कागदावरचे.

"हाई मी शे," ती म्हणाली. ही मी आहे.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "इतला दिन काबर नही काढं?" इतके दिवस का नाही काढलंस?

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला आत्याची गोष्ट सांगितली, भिंतीची, वडिलांची. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने म्हणाली की मी तर स्वतःच नको म्हटलं होतं, माझीही चूक आहे. मी म्हटलं, तुझी नाही. तिने कागद उशीखाली ठेवला आणि पाणी मागितलं. डॉक्टरने पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. मी अर्धा पेला दिला.

दीड महिन्याने ती गेली.

दिवस गावी केले. जेठांनी फोटो लावला तो लग्नानंतर स्टुडिओत काढलेला होता. स्टुडिओवाल्याने ब्रशने तिचा चेहरा साफ करून दिला होता. गालाला गुलाबी रंग, कातडीवर एक डाग नाही. त्यालाच हार घातला. तिला तो फोटो कधी आवडला नव्हता हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

तेराव्याच्या दिवशी तिच्या सामानाची पिशवी उघडली तेव्हा चित्र निघालं. तिच्या आईने ते हातात घेतलं. म्हातारीला कमी दिसायचं. दारात उजेडाला जाऊन तिने कागद डोळ्यांजवळ धरला आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. देवी आल्या तेव्हा ती एकवीस दिवस या पोरीजवळ निंबाचा पाला घेऊन बसली होती, खाजवू नये म्हणून तिचे हात धरून ठेवत होती. त्यातला कोणता फोड आधी फुटला ते तिला अजून आठवत होतं. तिने मला विचारलं, हे मी नेऊ का? मी हो म्हटलं. तो कागद शहाद्याकडच्या तिच्या गावी गेला आणि मी तो पुन्हा पाहिला नाही.

सुरतला आल्यावर मी ते चित्र परत काढून बघितलं. सात-आठ वेळा तरी. वण जागच्या जागी यायचे, पण ओठ जमायचे नाहीत. एकदा ओठ जमले तर डोळे भलतेच झाले. शेवटी सोडून दिलं. बाजूची खोली जेठांनी सोडली आणि ते मिलमधल्या दुसऱ्या कामगारांबरोबर राहायला गेले. त्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं, परभणीकडचं. नवरा बांधकामावर, बायको घरी, सोबत म्हातारी सासू.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. ट्रेसिंगचं काम मी पुढे बरीच वर्षं केलं, आणि घरी पांढरा कागद पुढे घेतला की पहिली रेघ तशीच मोडायची. फरक एवढाच पडला की रेघ मोडली म्हणून मी कागद बाजूला ठेवेनाशी झाले. आधी नवऱ्याला काढलं, तो लाजून उठून गेला. मग नळावर येणाऱ्या बायकांना काढलं. एकीला तिचं नाक पटलं नाही, तिने तोंडावर सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्याने काही बिघडलं नाही.

परभणीच्या बाईने एकदा सकाळी विचारलं, सासूचं चित्र काढून द्याल का, त्यांचा एकही फोटो नाही, आणि अलीकडे त्या थकल्यात. तसं घाई नाही, म्हणाली, सवडीने या. माझ्याकडे त्या दिवशी चार फिल्म पुऱ्या करायच्या होत्या आणि शेठचा माणूस पाचला येणार होता. मी फिल्म तशाच ठेवल्या आणि त्याच दुपारी गेले. म्हातारी माझ्यासमोर नीट बसली, पदर सारखा केला आणि पाच मिनिटांत भिंतीला टेकून झोपी गेली. सून तिला उठवायला लागली. मी म्हटलं, राहू द्या, मी अशीच काढते.