चिमट्यात धरलेलं चामडं

रंगूनच्या तुमच्या शाळेत शास्त्राच्या सामानाला वेगळी खोली आहे, हे तुमच्या पत्रात वाचून बरं वाटलं. पण ते सामान तुमच्या हातात देतात का, तेवढं विचारून घ्या. कर्जतच्या मुलींच्या शाळेत मी बिगरीचा वर्ग शिकवीत असे, तेव्हा सामान आमच्याकडेही आलं होतं.

लहान मुलांना वस्तुपाठ द्यावा, असा तेव्हा वरून हुकूम निघाला होता. म्हणजे वस्तू मुलांच्या हाती द्यायची. त्यांनी ती चाचपून, हुंगून आपल्या शब्दांत सांगायची. मुंबईच्या इंग्रजी शाळेत मी तशीच शिकले होते, म्हणून शाळेच्या कमिटीच्या मागे लागून एक पेटी मागवली. ती आगगाडीने आली आणि शाळेच्या ओट्यावर कमिटीसमोर उघडली. आत बाटल्या होत्या : काच, गंधक, लोकर, कोळसा. एकीत भात! शाळेच्या कुडाला लागून भाताची खाचरं, आणि आमच्यासाठी भात मुंबईहून बूच लावून आलं होतं. तळाशी पीस, हाड आणि चामड्याचा तुकडा.

अध्यक्ष मागे सरले ते थेट पायरीवर.

"अहो बाई, हे काय मागवलंत? पोरी याला शिवणार नि घरी जाऊन देवघरात शिरणार?"

गोमूत्र शिंपडून पेटी कपाटात गेली आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. पाठ मात्र रोज होई. माझ्या तासाला आधी हेडमास्तर येऊन बंद कपाटाकडे बोट दाखवीत, "काच पारदर्शक, कठीण, ठिसूळ," आणि मुली तेच ओरडत. याला ते शास्त्र म्हणत.

मी त्या कपाटाचा नाद सोडला. हेडमास्तर गेले की उरलेला तास माझा असे. घरचं घंगाळ आणून पाण्याने भरलं आणि मुलींना सांगितलं, वाटेत सापडेल ते घेऊन या. नारळ आला, चिंचोके आले, कौलाचा तुकडा आला.

"नारळ बुडणार बग."

"नाय बुडायचा. आमच्या हिरीत पडला तवा तरंगत व्हता."

"तुमच्या हिरीत कुत्रं पन तरंगत व्हतं गं!"

हात बुडवून पाहिल्याशिवाय भांडण मिटत नसे. मला तेच हवं होतं.

मग डेपुटी तपासणीला आले. हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं, "पेटीतलाच पाठ व्हायला हवा. पसंत पडला नाही, तर हा तास तुमच्याकडे राहणार नाही." तो गेला की बिगरीत नुसती घोकंपट्टी उरणार होती. मी घंगाळ कोपऱ्यात सरकवलं.

डेपुटींनी नेमकं चामडं मागितलं. हेडमास्तरांनी घरून चिमटा आणवला आणि तुकडा त्यात धरून उभे राहिले. डेपुटी दोन हात लांबून म्हणाले, "मुलींनो, हात लावून सांगा, कसं आहे?" मुली पुढे झाल्या, तसा चिमटा मागे गेला. "शिवू नका गं!" दोघेही शिकलेले गृहस्थ. दोघांची पादत्राणं दाराबाहेर, चामड्याचीच. पायात चालत होतं.

एका शेतकऱ्याच्या मुलीला हा खेळ कळेना. ती बाहेर गेली आणि डेपुटींचा विलायती बूट घेऊन आली.

"बाई, आमी हाच बगतो."

सगळ्याजणी त्यावर तुटून पडल्या. "वाकतंय गं." "वास घे, मेल्या म्हशीचा." "पानी आत जातं का?" आणि बूट घंगाळात. मी थांबवलं नाही.

"तरंगतोय!"

"कुटं तरंगतोय? नाडीच्या भोकांतून शिरलं बग पानी. बसला तळाला!"

त्या शाळेत इतका चांगला पाठ कधी झाला नव्हता. त्या दोघांना फक्त बूट दिसला. डेपुटी पचक पचक करीत स्टेशनाकडे गेले आणि जाताना शेरा देऊन गेले : बाईंना शिस्त राखता येत नाही, वस्तुपाठ हेडमास्तरांनी तोंडी घ्यावा.

तास गेला. मला त्या वेळी शिवण शिकवायला दिलं.

शाळा सुटल्यावर मात्र मुली माझ्याबरोबर उल्हास नदीच्या काठाने घरी येऊ लागल्या. कोणी हरकत घेतली नाही, कारण कमिटीतलं कोणी त्या चिखलात पाय घालीत नसे. पहिल्याच दिवशी खेकड्याची रिकामी पाठ सापडली. ती आधी कोणी धरायची यावरून मुली भांडल्या, आणि मी त्यांना भांडू दिलं.